खानदेशांतील मध व स्वयंपाकघर : मधुपर्क, शिखरिणी व पंचामृत यांविषयीं कांहीं विचार

देशावरील ब्राह्मणी पंक्तीच्या पानावर पंचामृत ह्या एकाच नांवाचे दोन पदार्थ एकाच दिवशीं येतात. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिजकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. एक पंचामृत देवाच्या अभिषेकाचें. दूध, दहीं, तूप, मध व साखर ह्या पांचांचें. तें तीर्थ म्हणून पळीनें हातावर घ्यावयाचें. दुसरें पानाच्या डाव्या बाजूस, चटणी-कोशिंबिरीच्या शेजारीं वाढावयाचें. त्यांत हिरव्या मिरच्या, चिंचेचा कोळ, गूळ, तीळ, दाण्याचें कूट, खोबरें व गोडा मसाला. नांव एकच, पण पहिल्यांतील एकहि द्रव्य दुसऱ्यांत नाहीं. पहिल्यांत मध अवश्य, दुसऱ्यांत मधाचा थेंबहि नाहीं.

खानदेशापुरता विचार केला तर हें कोडें अधिकच कठिण होतें. ज्या प्रांतास उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग अशा दोन मोहोळांच्या भिंती लाभल्या आहेत, जेथील भिल्ल, पावरे पिढ्यान् पिढ्या कड्यांवरून मध उतरवीत आले, त्या प्रांताच्या स्वयंपाकघरांत मध जवळजवळ नाहीं. खापरावरचे मांडे गुळाचे किंवा साखरेचे, सांजोऱ्या गुळाच्या, पन्हें गुळाचें, गुळवणी तर नांवानेंच गुळाची. मध आहे तो देवघरांत आणि औषधाच्या फळीवर. असें कां व्हावें, ह्याचा शोध घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु. हा केवळ जिभेच्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. जुन्या पोथींत किंवा यादींत ‘मधु’ वा ‘मध’ हा शब्द आला म्हणजे त्याचा अर्थ काय घ्यावयाचा, हें ह्यावर अवलंबून आहे. आणि आपल्या अन्नाच्या इतिहासांत रानांतील माणसांचा वाटा किती, हेंहि ह्यावर अवलंबून आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. ‘मधु’ हा फार जुना शब्द. त्याचे भाऊबंद युरोपांतील भाषांत आजहि नांदत आहेत. रशियन भाषेंत ‘म्योद’ म्हणजे मध. जुन्या ग्रीक भाषेंत ‘मेथु’ म्हणजे मद्य. इंग्रजींत ‘मीड’ म्हणजे मधापासून आंबवून केलेलें पेय. चिनी भाषेंतील मधवाचक ‘मी’ हा शब्दसुद्धां मध्य आशियांतील तुखारी भाषेंतून गेलेला आहे असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ह्या कुलवृत्तान्तांतच घोंटाळ्याचें बीज आहे : एका शाखेंत मध, दुसऱ्या शाखेंत मद्य. संस्कृतांत दोन्ही अर्थ एकत्र राहिले. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील ९० व्या सूक्तांत ज्या मधुमती ऋचा आहेत, त्यांतील मधु हें सर्व सृष्टींतील माधुर्य होय. तेथें मोहोळ शोधीत बसणें अरसिकपणाचें होईल. परंतु कौटिल्य हा हिशेबी मनुष्य. त्यानें कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणांत क्षौद्र आणि मार्द्वीक हीं दोन्हीं मधूंत घातलीं. म्हणजे माशांचें मध आणि द्राक्षांचा रस दोन्ही मधुच. सुराध्यक्षाच्या प्रकरणांत तर मधु म्हणजे द्राक्षरसाचें मद्य हा अर्थ त्यानें उघडच दिला आहे. तेव्हां राजदरबारच्या संस्कृत वर्णनांत मधुपानाचा उल्लेख आला कीं लागलीच मधाचें सरबत समजणें बरोबर नाहीं, आणि उलट भोजनप्रकरणांत मधु आलें कीं राजा मद्यपी ठरविणेंहि बरोबर नाहीं. संदर्भ पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

खानदेशांत ह्या शब्दाला तिसराहि एक फांटा फुटतो, तो मोहाचा. ‘मधूक’ ह्याचें प्राकृतांतून ‘महुअ’ व त्यापासून मराठी ‘मोह’. सातपुड्यांतील लोकांच्या जीवनांत मोहाच्या फुलांचें स्थान धान्याच्या खालोखाल आहे. तीं वाळवून ठेवावयाचीं, भाजून किंवा शिजवून खावयाचीं, भाकरींत मिसळावयाचीं, आणि दारू गाळावयाची. बौद्ध भिक्षूंच्या नियमांत ह्या संबंधीं एक मार्मिक तरतूद आहे. विनयपिटकाच्या महावग्गांतील भेसज्जखंधकांत तूप, लोणी, तेल, मधु व फाणित हीं पांच औषधें भिक्षूंस जवळ ठेवण्याची अनुज्ञा आहे, आणि तीं सात दिवसांहून अधिक ठेवूं नयेत असा नियम आहे. त्याच खंधकांत आंबा, जांभूळ, केळीं, द्राक्षें, फालसा इत्यादींच्या आठ पानकांस परवानगी दिली असून त्यांत मधूक-पानकहि आहे. फुलांचे रस चालतात, मात्र मोहाच्या फुलांचा रस तेवढा वर्ज्य. ज्यानें हा अपवाद घातला त्यास मोहाच्या फुलांचा रस दुसऱ्या दिवशीं काय होतो हें पक्कें ठाऊक होतें! अजिंठा व पितळखोरें येथील विहारांत हे नियम पाळणारे भिक्षु शतकानुशतकें राहिले. त्यांच्या मधाचा पुरवठा दूर कोठून होण्याचें कारण नव्हतें. अजिंठ्याच्या कड्यास आजहि आग्या माशांचीं पोळीं लटकतात, आणि पाहावयास गेलेल्या प्रवाशांवर माशा उठल्याच्या बातम्या वारंवार येतात.

बोलीचा एक विशेषहि वाचकानें ध्यानांत ठेवावा. शब्दाच्या अंतींचा महाप्राण बोलतांना सैल पडतो. दुधाचें ‘दूद’ व मधाचें ‘मद’ असें सर्रास ऐकूं येतें, आणि जसें ऐकूं येतें तसें लिहिणारे कारकून कांहीं थोडे नव्हते. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद तर नाहींच. तेव्हां ‘मद’ ही नोंद पाहून ती दारूच्या खात्यांत लोटण्यापूर्वीं तिच्या मागेंपुढें हळद, कुंकू, अत्तर, कापूर आहेत कीं अबकारीची बाब आहे, तें पाहावें.

मध करणाऱ्या माशांचे आपल्याकडे ठळक प्रकार चार : कड्यांवर व उंच झाडांवर एकेरी मोठें पोळें बांधणारी आग्या, ढोलींत व भिंतींच्या पोकळींत अनेक पोळीं समांतर बांधणारी सातेरी, झुडपांच्या फांदीस लहानसें पोळें लावणारी फुलोरी, आणि नांगी नसलेली इवलीशी पोयाची माशी. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायांत पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक व दाल असे मधाचे आठ भेद सांगितले आहेत. चरक चारच मानतो व त्यांचे रंग देतो : माक्षिक तेलाच्या वर्णाचें, पौत्तिक तुपासारखें, क्षौद्र कपिल आणि भ्रामर पांढरें. ह्या आठांची वा चारांची सांगड आजच्या चार माशांशीं जुळविण्याचा मोह पुष्कळांस होतो. माझ्या मतें तो आवरावा. मधाचा रंग माशीपेक्षां फुलावर अधिक अवलंबून असतो, आणि ग्रंथकारांनीं माशी पाहून वर्गीकरण केलें कीं बाजारांत आलेला मध पाहून केलें, हें ग्रंथांवरून ठरत नाहीं.

माशांचा विषय निघाला आहे तेव्हां येथें एक आडवळण घेतों. चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथें शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला, त्यावरून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिल्याचें कळतें. ह्या मठांत लीलावती शिकविली जात असली पाहिजे, आणि लीलावतींत भुंग्यांचीं दोन सुंदर उदाहरणें आहेत. एकांत थव्याचा पांचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, त्या दोहोंच्या अंतराच्या तिप्पट कुटजावर जातो व एक भुंगा आकाशांत भ्रमत राहतो, थवा पंधरांचा. दुसऱ्यांत निम्म्याच्या वर्गमुळाइतके मालतीवर जातात, सर्वांचे आठ-नवमांश आणखी निघून जातात व एक जोडपें उरतें, थवा बहात्तरांचा. कदंब आणि कुटज, म्हणजे आपला कळंब व कुडा. मठाच्या पाठीशीं असलेल्या सातमाळ्याच्या रानांत कुड्याचीं झाडें आहेतच. विद्यार्थ्यास उदाहरण समजण्यास अडचण पडली नसावी.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आपल्या धर्मग्रंथांत मध खाण्याचा सर्वांत जुना व ठाम विधि म्हणजे मधुपर्क. आश्वलायन गृह्यसूत्राच्या पहिल्या अध्यायाच्या २४ व्या खंडांत ऋत्विज, स्नातक, राजा, आचार्य, श्वशुर, चुलता व मामा घरीं आले असतां मधुपर्क द्यावा असें सांगून त्याची कृति दिली आहे : दह्यांत मध घालावा, मध न मिळाल्यास तूप. पारस्कराच्या मतें दहीं, मध व तूप तिन्ही कांशाच्या पात्रांत घालून वर कांशाचें झांकण ठेवावें. ही पाकक्रियाच होय, पण विस्तव नसलेली. लग्नांत वरपूजेच्या वेळीं नवऱ्या मुलाच्या हातावर दहीं-मध घालतात तो ह्याच विधीचा अवशेष.

मला महत्त्वाचें वाटतें तें सूत्रकाराचें ‘न मिळाल्यास’ हें वाक्य. मध ही नेहमीं घरांत असणारी वस्तु नव्हती, हें त्यानें प्रांजळपणें गृहीत धरलें आहे. दूध, दहीं, तूप दावणीचें. मध रानांतला, दुसऱ्याच्या हातून येणारा. ह्यापुढची पायरी मध्ययुगीन धर्मनिबंधांत दिसते. श्राद्धांत मधाचें माहात्म्य मोठें. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत वर्षाकाळीं मघायुक्त त्रयोदशीस मधमिश्रित कांहींहि दिलें तरी तें अक्षय होतें असें म्हटलें आहे. परंतु निबंधांतील प्रतिनिधिवचनांत दही न मिळाल्यास दूध व मध न मिळाल्यास गूळ अशी सोय केलेली आढळते. सूत्रकाळीं मधाची जागा तूप घेत होतें, निबंधकाळीं गूळ घेऊं लागला. प्रतिनिधि म्हणून जी वस्तु सांगावयाची ती घरोघर असली पाहिजे, नाहीं तर सोय ती कसली? म्हणून हें लहानसें वचन म्हणजे गूळ घरोघर झाल्याचा दाखला होय, असें मी समजतों.

खानदेशांत हें कसें घडलें असेल ह्याची कल्पना करण्यास फार लांब जावें लागत नाहीं. पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर बंधारे घालून फडपद्धतीनें पाणी देण्याची जी जुनी व्यवस्था ह्या प्रांतांत होती, तींतील एक मुख्य पीक ऊंस. ऊंस आला कीं चरक आलें, गुऱ्हाळ आलें. गूळ ढेपेनें साठतो, तुकड्यानें मोजतां येतो, वर्षभर टिकतो. रानचा मध पोळें पिळून काढीत; त्यांत परागकण, अळ्या, मेण सर्व उतरे, आणि आग्या माशीच्या मधांत पाण्याचा अंशहि बहुधा अधिक. पाण्याचा अंश शेंकडा वीसच्या वर गेला कीं मध आंबूं लागतो. असा मध वर्षाच्या बेगमीस ठेवणें कठिण. चैत्र-वैशाखांत भिल्लानें घरीं आणून दिला तो पावसाळ्यांत फसफसला, तर गृहिणी पुढल्या वर्षीं तो किती घेईल?

एवढ्यानेंहि प्रश्न पुरता सुटत नाहीं. टिकत नाहीं म्हणून साठवूं नये हें ठीक. पण जेव्हां ताजा मिळे तेव्हां तरी पुरणांत, खिरींत, लाडवांत तो कां घालूं नये? ह्याचें उत्तर वैद्यकांत आहे, आणि तें निःसंदिग्ध आहे. चरक, सुश्रुत, वाग्भट तिघेहि बजावतात कीं मध तापवूं नये, उष्ण पदार्थांबरोबर घेऊं नये, उष्णतेनें पीडिलेल्या मनुष्यास देऊं नये. कारण असें देतात कीं माशा नाना फुलांवरून, विषारी फुलांवरूनहि, रस गोळा करितात, आणि उष्णतेशीं मधाचा विरोध आहे. अपवाद केवळ वमनाचा व निरूहबस्तीचा. कारण त्यांत मध न पचतांच बाहेर पडतो. आजच्या रसायनशास्त्रास विषाचा हा सिद्धान्त मान्य नाहीं. परंतु मध तापविल्यानें किंवा फार दिवस उष्ण जागीं ठेवल्यानें त्यांत हायड्रॉक्सिमेथिलफरफ्युराल नांवाचें द्रव्य वाढतें, आणि मधाची प्रत ठरवितांना त्याचें मान तपासतात, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. कांहींहि असो, आपल्या प्रश्नापुरतें एवढें पुरे कीं, ज्या घरांत वैद्याचें वचन चालत होतें त्या घरांत मध चुलीवर चढणें शक्य नव्हतें.

ह्या निषेधाचा परिणाम पाककृतींच्या रचनेवरच झालेला दिसतो. च्यवनप्राशाचा चरकोक्त पाठ पाहावा. आंवळे पांचशें, मत्स्यंडिका अर्धी तुला म्हणजे पन्नास पळें, तीं चुलीवर, आणि मध सहा पळें, तोहि अवलेह सिद्ध होऊन थंड झाल्यावर. सर्वच अवलेहांची ही रीत. म्हणजे आपल्या पाकशास्त्रांत मधाचें स्थान पाक झाल्यावरचें. जे पदार्थ मुळांतच थंड ते मात्र मधास मोकळे होते : मधुपर्क, पंचामृत, पानकें आणि शिखरिणी.

शिखरिणीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे. ती श्रीखंडाची आजी हें सर्वमान्य आहे. खानदेशांत केळीच्या मळ्यांत घरोघर होणारें ‘शिकरण’ हेंहि नांवानें तिचेंच. वैद्यकग्रंथांत भीमसेनाच्या नांवावर जी रसाला सांगितली आहे तिचें प्रमाण असें : चांगलें मुरलेलें दहीं अर्धा आढक, शुभ्र खंडसाखर सोळा पळें, तूप एक पळ, मध एक पळ, मिरीं दोन कर्ष, सुंठ अर्धें पळ, आणि चातुर्जातक. हें सर्व स्वच्छ वस्त्रांतून घोंटून गाळून कापुरानें सुवासित भांड्यांत ठेवावयाचें. येथें साखर सोळा आणि मध एक! हा मध गोडीसाठीं नाहीं. सोळा पळें साखरेंत एक पळ मध घातल्यानें गोडी किती वाढणार? ज्या पाठांत मधानें गोडी येत होती त्याच्या जागीं साखर आली, आणि मध मानाचा पानसुपारीचा विडा म्हणून राहिला, असा माझा तर्क आहे. पुढें तोहि गेला. आजच्या श्रीखंडांत मध नाहीं, मिरीं नाहींत, सुंठ नाहीं. वेलची तेवढी चातुर्जातकाची आठवण ठेवून आहे.

ह्या पाठांत दुसरीहि एक गंमत आहे. तूप एक पळ व मध एक पळ, म्हणजे दोन्ही समभाग. चरकानें सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायांत विरुद्धाहाराच्या यादींत समभाग मध-तूप स्पष्ट घातलें आहे, आणि म्हणूनच आपले पुरोहित व वैद्य पंचामृतांत मध-तूप विषम प्रमाणांत घालण्याविषयीं दक्ष असतात. मग भीमसेनाच्या रसालेंत समभाग कसे चालले? एक उत्तर असें देतां येईल कीं, दहीं-साखरेच्या राशींत तें दोघांचें मिश्रण उरत नाहीं. मला तितकीच महत्त्वाची वाटते ती मापाची बाजू. पळ हें वजन. घरांतलें माप मात्र पळी व वाटीचें. मध पाण्याच्या सुमारें १.४ पट जड, तूप पाण्याहून हलकें. तेव्हां एकेक पळीभर घेतलें तर वजनानें मध तुपाच्या दीडपट होतो. वजनानें सम असलेलें घरच्या मापानें विषम, आणि घरच्या मापानें सम असलेलें वजनानें विषम. जुन्या बाडांतील प्रमाणें वाचतांना माप कोणतें आहे हें पाहिल्याशिवाय ग्रंथकाराच्या शहाणपणाविषयीं मत देऊं नये.

आतां पानाच्या डाव्या बाजूचें पंचामृत. त्यांतील मिरची अमेरिकेची. ती पोर्तुगीझांबरोबर सोळाव्या शतकांत ह्या किनाऱ्यास लागली. भुईमुगाचें मूळहि अमेरिकेंतच. तेव्हां हा पदार्थ आहे ह्या रूपांत त्याहून जुना असणें शक्य नाहीं. त्याचें नांव मात्र फार जुनें. कांहीं लोक गोड, आंबट, तिखट, खारट व तुरट अशा पांच रुचींवरून तें नांव पडलें असें सांगतात. ही व्युत्पत्ति मागाहून जोडलेली दिसते. कारण तसें असतें तर पंचरस म्हटलें असतें, अमृत म्हणण्याचें कारण नव्हतें. माझें अनुमान असें कीं, जेवणांत तोंडीलावणें म्हणून गोड-आंबट असा एखादा थंड पदार्थ पूर्वीं असावा, त्यांत मधाच्या जागीं प्रतिनिधि म्हणून गूळ व दह्याच्या आंबटपणाच्या जागीं चिंच आली, आणि गूळ येतांच तो चुलीवर चढण्यास मोकळा झाला. कारण गुळास अग्नीचा निषेध नाहीं. हें अनुमानच आहे. पण प्रतिनिधिवचन त्यास अनुकूल आहे.

हें अनुमान पारखण्यास साधनें आहेत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास, शके १०५१ च्या सुमाराचा, अन्नभोग व पानीयभोग ह्यांचीं स्वतंत्र प्रकरणें देतो. त्याच ग्रंथांत मेणाचा सांचा करून मूर्ति ओतण्याचा मधूच्छिष्टविधीहि आहे. मेणास ‘मधूच्छिष्ट’ म्हणजे मधाचें उष्टें हें नांव किती समर्पक! दुसरें साधन रघुनाथ गणेश नवहस्त याचें सतराव्या शतकांतील भोजनकुतूहल. हा ग्रंथकार समर्थ रामदासांच्या स्नेह्यांपैकीं. तंजावरास एकोजीची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास राहिलेला. त्याच्या संस्कृत ग्रंथांत मराठी पदार्थांचीं नांवें आहेत. त्याकडे विद्वानांचें लक्ष भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं वेधलें. तिसरें साधन फारसी. तापीच्या उत्तरेस सातपुडा व नर्मदा ओलांडली कीं मांडू. तेथील सुलतान घियासशहा याच्यासाठीं इ. स. १५०० च्या सुमारास सिद्ध झालेलें न्यामतनामा हें सचित्र पाकपुस्तक आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. त्याच वेळीं थाळनेर-बऱ्हाणपुरास फारुकींचें राज्य होतें, आणि मांडूचें व त्यांचें वैर व सोयरीक दोन्ही चालू असत. मुसलमानी दरबारांतील सरबतें, फालुदे वगैरे थंड पदार्थांचा खानदेशच्या पेयांवर काय परिणाम झाला, हें पाहूं इच्छिणाऱ्यानें तेथून आरंभ करावा. छापील मराठी पुस्तकांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें १८७५ चें सूपशास्त्र व लक्ष्मीबाई धुरंधर यांचें १९१० चें गृहिणीमित्र हीं प्रमुख. तोंपर्यंत साखर व गूळ यांचें राज्य पूर्ण स्थापित झालेलें होतें.

मध उतरविणाऱ्यांविषयीं आपले ग्रंथ मुके आहेत. आठ प्रकारचा मध सांगणारा सुश्रुत तो कोणी कसा आणिला हें सांगत नाहीं. अक्राणी, तोरणमाळ ह्या भागांत, जो १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत होता व आतां नंदुरबार जिल्ह्यांत आहे, आणि यावल, चोपडें, शिरपूर ह्यांच्या डोंगरपट्ट्यांत हें काम अंधाऱ्या रात्रीं चाले : धुराची मशाल, दोर, कड्यावरून लोंबणें, खालीं भांडें. मध, मेण, डिंक, मोहाचीं फुलें घेऊन हीं माणसें बाजारीं उतरत व मीठ, धान्य, कापड घेऊन परत जात. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानें राखीव झालीं, आणि जो मध ते वाडवडिलांपासून आणीत होते ती सरकारी बाब ठरली. वनहक्क कायदा २००६ सालीं झाला तेव्हां गौण वनोपजाच्या व्याख्येंत मध व मेण हे शब्द नांवानिशीं घालून त्यांवरील स्वामित्व पुन्हां वनवासी लोकांस देण्यांत आलें. मधुपर्क देणाऱ्या यजमानाचें व घेणाऱ्या पाहुण्याचें नांव सूत्रांत आलें. आणणाऱ्याचें नांव कायद्यांत येण्यास इतका काळ लागला.

मधल्या काळांत एक निराळा प्रयत्नहि झाला. १९३४ च्या अखेरीस महात्मा गांधींनीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापिला, त्याच्या उद्योगांत मधमाशापालन होतें. पुढें दोनच वर्षांनीं, डिसेंबर १९३६ मध्यें, काँग्रेसचें खेड्यांतील पहिलें अधिवेशन पूर्व खानदेशांत फैजपूर येथें जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं भरलें व खादी-ग्रामोद्योगांचें प्रदर्शनहि तेथें झालें. पोळें न पिळतां पेटींतून मध काढण्याची रीत त्या चळवळीनें खेड्यांपर्यंत नेली. पुण्यास १९६२ सालीं केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था झाली, आणि महाबळेश्वराजवळील मांघर हें १६ मे २०२२ रोजीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. पेटींतला मध स्वच्छ व घट्ट, म्हणून टिकणारा. मध टिकूं लागला तेव्हां लिंबाच्या पाण्यांत, आल्याच्या रसांत, मोरावळ्यांत तो पुन्हां शिरला आहे. तरी मांड्याच्या पुरणांत अद्याप गेलेला नाहीं.

जातकर्मांत सोन्यानें मध-तूप चाटविण्याचा विधि आश्वलायनानें सांगितला आहे व कांहीं घरांत तो अजून होतो. एक वर्षाखालील मुलास मध देऊं नये, त्यांत क्वचित् असणाऱ्या जंतुबीजांपासून बोटुलिझम हा घातक विकार होतो, असें आजचें वैद्यक स्पष्ट सांगतें. विधि करावयाचाच असल्यास सूत्रकारांच्याच प्रतिनिधि-न्यायानें नुसतें सोनें टेकवून भागवावें.

संग्राहकांस एक विनंति आहे. पाकक्रियेच्या पोथ्या आपल्याकडे थोड्या. परंतु मधाचा मागोवा तेवढ्यांतच घ्यावयाचा नाहीं. वैद्यांचीं बाडें, लग्नामुंजींच्या सामानाच्या याद्या, श्राद्धपक्षाचे जाबते, देवस्थानांच्या नैवेद्याचे हिशेब हे कागद धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत व समर्थ वाग्देवता मंदिरांत यावेत, ते रद्दींत जाऊं नयेत. अशा यादींत मधाची नोंद सांपडल्यास तीन गोष्टी टिपून ठेवाव्या : ती किराण्यांत आहे कीं पूजासाहित्यांत, माप शेर-नवटांकाचें आहे कीं पळी-वाटीचें, आणि किंमत रोख लिहिली आहे कीं मिठा-धान्याच्या मोबदल्यांत.